सही करण्याआधी

छत्रपती संभाजीनगर

चि. अनघास,



तुझी नेमणूक मराठवाड्यातच झाली, असं ताईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. उपजिल्हाधिकाऱ्याचं बाकी सगळं काम तुला शिकवतील. जमीन, महसूल, निवडणुका, पंचनामे. साथ आली तर काय करायचं, हे मात्र एखाद्या तासात उरकतात, आणि करोना सरल्यावर तर तो विषय कोणाला काढायलाच नको असतो. म्हणून मी काढते आहे. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली, करोनाची वर्षं त्यातली अखेरची. तू ज्या टेबलामागे बसणार आहेस तिथून निघालेले आदेश गावात उतरताना कसे दिसतात, ते मी समोरून पाहिलं आहे.

१८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा हाताशी असले की एका सहीने तालुका थांबेल असं वाटायला लागतं. तो थांबत नाही. कोणाला घरी जायचं असतं, कोणाला लेकीचं लग्न उरकायचं असतं, कोणाला खोकल्यावर औषध हवं असतं, कोणाला महिन्याचं धान्य आणायचं असतं. तू एक वाट बंद केलीस की माणूस दुसरी काढतो, आणि ती दुसरी बहुतेक वेळा तुझ्या नजरेच्या बाहेरून जाते. ती कुठून जाईल, हे सही करण्याआधी शोधायचं. माझं सगळं सांगणं एवढंच आहे. पुढे जे लिहिते ते याच्याच पोटातलं.

लॉकडाऊन, मास्क, लस हे सगळं थोतांड होतं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. एप्रिल २०२१ मध्ये इथल्या घाटी रुग्णालयाच्या आवारात ऑक्सिजनच्या खाटेसाठी धावणारी माणसं ज्यांनी पाहिली, त्यांची असं बोलायला जीभ रेटणार नाही. लसीने माणसं वाचवली. मी स्वतः हजारो हातांवर ती टोचली जाताना पाहिली आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा उभी राहीन. पण उपाय योग्य आहे म्हणून तो राबवण्याची रीतही योग्य ठरते, असं नसतं. औषधाचे दुष्परिणाम आम्ही डॉक्टर लिहून ठेवतो, रुग्णाला सांगतो, मोजतो. आदेशाचे दुष्परिणाम लिहून ठेवायला कोणत्याच कार्यालयात रजिस्टर नसतं.

८ मे २०२० ची बातमी तुला आठवत असेल, तू तेव्हा कॉलेजात होतीस. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया भागातले वीस मजूर आदल्या संध्याकाळी पायी निघाले. भुसावळ गाठलं की श्रमिक रेल्वे मिळेल, असा त्यांचा हिशेब. भुसावळ तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. रात्री चालून चालून करमाडजवळ सटाणा शिवारात ते रुळांवरच टेकले आणि त्यांचा डोळा लागला. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मनमाडच्या दिशेने जाणारी रिकाम्या टँकरची मालगाडी आली. चालकाने हॉर्न वाजवला, ब्रेक लावले, पण गाडी थांबली नाही. सोळा जण गेले. रुळांमध्ये पडलेल्या चपात्यांचा फोटो देशभर फिरला.

त्या फोटोवर सगळे हळहळले, दोन्ही राज्यांनी मदत जाहीर केली. मला तेव्हापासून एकच विचारावंसं वाटतं की ते रुळांवर का होते? रस्त्याने गेलं तर पोलीस अडवतील, म्हणून. गावी जाण्याच्या पासासाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नव्हतं, असं वाचलेल्यांनी सांगितलं. आणि या मार्गावरच्या गाड्या तर बंद आहेत, अशी त्यांची पक्की समजूत. ती समजूत चुकीची म्हणता येत नाही. सरकारनेच सांगितलं होतं, रेल्वे बंद. बंद होत्या त्या नेहमीच्या प्रवासी गाड्या. धान्य, कोळसा, इंधन वाहणाऱ्या मालगाड्या एक दिवसही थांबल्या नव्हत्या. कार्यालयात बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, म्हणून कोणाला सांगावंसं वाटलं नाही. यात दुष्ट कोणी नव्हतं, अनघा. रस्ता बंद करणाऱ्याने रस्त्याचा विचार केला, रेल्वेवाल्यांनी रेल्वेचा. रस्ता बंद झाल्यावर माणूस रुळांवर जाईल, हा विचार करणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं. ते तुझ्या कामात बसव.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. २४ मार्चला रात्री आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला आणि मध्यरात्रीपासून लागू झाला. मजूर जिथे आहेत तिथे राहावेत म्हणून २९ मार्चला केंद्राच्या गृह मंत्रालयाने आदेश काढला की मालकांनी बंदच्या काळातली मजुरी कापू नये आणि घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये. वाचायला दोन्ही आदेश सारख्याच वजनाचे. पण रस्त्यावर दिसलं तर काठी मारायला प्रत्येक चौकात पोलीस होता, आणि मजुरी दिली की नाही हे बघायला कोणी नव्हतं. १८ मेपासून तो मजुरीचा आदेश मागेही घेतला गेला. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांभोवती भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणारी पोरं, मुख्यतः बिहार-उत्तर प्रदेशची, आधी दुकानदाराच्या उधारीवर जगली, मग चालायला लागली. तू जेव्हा एका हाताने बंदी आणि दुसऱ्या हाताने मदत जाहीर करशील, तेव्हा बंदीसाठी जेवढी माणसं रस्त्यावर उतरवशील तेवढीच मदत पोहोचवायला उतरव. तेवढी नसतील तर बंदी तेवढीच लहान कर.

गावांनी तर आपले आदेश स्वतःच काढले. मार्चअखेरीस वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या, काही ठिकाणी जेसीबीने रस्ता खणला. मुंबई-पुण्याहून आलेल्या पोराला वेशीबाहेर शाळेत ठेवायचं, यात गावाला बहादुरी वाटत होती. माझ्या केंद्राखालच्या एका गावात कळा सुरू झालेली बाई चराच्या एका बाजूला आणि १०८ ची गाडी दुसऱ्या बाजूला, अशी रात्र आम्ही काढली. तिला बाजेवर घालून चौघांनी चरातून पार केलं. ती आणि बाळ सुखरूप राहिली. पण तो चर कोणी अधिकाऱ्याने खणायला सांगितला नव्हता. टीव्हीवर आणि भोंग्यावर रात्रंदिवस जी भीती पेरली, तिला आलेलं ते पीक होतं. भीतीने काम करून घेणं सोपं असतं, मात्र ती तुला हवी तिथेच थांबत नाही.

याचा सगळ्यात जुना दाखला आपल्याच राज्यात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, तोच जो २०२० मध्ये आपल्याकडे पुन्हा बाहेर काढला. पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्या हाताखाली गोरे सोल्जर घरात घुसून रोगी शोधायला लागले, माणसांना उचलून छावण्यांत नेऊ लागले, सामान जाळू लागले. बावीस जूनच्या रात्री चाफेकरांनी काय केलं, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. आरोग्याच्या बाजूने काय झालं, ते शाळेत शिकवत नाहीत. लोकांनी रोगी लपवले. माळ्यावर, परसात, कपड्यांच्या ढिगामागे. मृत्यूची नोंद होऊ नये म्हणून प्रेतं गुपचूप हलवली. ज्यांना जमलं ते शहर सोडून पळाले आणि प्लेग बरोबर घेऊन गेले. रोग शोधायला निघालेल्या मोहिमेने रोग लपवायला शिकवलं. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत पुण्याबाहेर दवाखाना चालवत होते. तिथे सावित्रीबाई स्वतः रोग्यांना उचलून आणत. त्यातच १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच रोगासाठी, एका ठिकाणापासून माणसं पळत होती आणि दुसऱ्या ठिकाणी मायेने आणली जात होती. दोन्हीकडे औषध जवळपास सारखंच होतं, म्हणजे नव्हतंच.

२०२० मध्ये आपण याच धड्याकडे पाठ फिरवली. मार्चमध्ये राज्याने घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, की तो माणूस बाहेर फिरू नये. पण शिक्का दिसला म्हणून सहप्रवाशांनी लोकांना रेल्वेतून उतरवायला लावलं, आणि मग शिक्का घासून काढायच्या युक्त्या फिरू लागल्या. कोणाच्या दारावर पट्टी लागली की गल्लीत त्या घराशी बोलणं बंद. परिणाम असा की ताप आलेला माणूस तापाची गोळी घेऊन घरात बसायचा, आणि श्वास लागला की शेवटच्या दिवशी दाखल व्हायचा. दिल्लीच्या मेळाव्याला जाऊन आलेल्या तबलिगींच्या बाबतीत तर आपण हद्द केली. उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठात न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांनी २१ ऑगस्ट २०२० ला परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं म्हटलं. तो निकाल मिळव आणि पूर्ण वाच. त्यावरून मला कायद्याइतकंच पटलेलं साथीचं गणित असं: जो माणूस मी त्या मेळाव्याला गेलो होतो असं स्वतः सांगतो तो आपल्या सगळ्यांवर उपकार करतो. त्याने खरं सांगितल्यावर त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, की पुढच्या वस्तीत कोणीही खरं सांगत नाही.

खोकल्याचं सांगते, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा विषय होता आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं. आमच्याकडे खोकला म्हटलं की पहिला संशय क्षयाचा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हे आशा सेविकांना पाठ असतं. २०२० मध्ये खोकला म्हणजे करोना झाला, आणि करोना म्हणजे गावाबाहेर जाणं. मग खोकणारा दवाखान्यात येईना. जे आले असते त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतली माणसं आणि क्षयासाठी घेतलेली तपासणी यंत्रं करोनाकडे वळवली होती. देशात २०१९ मध्ये क्षयाचे २४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाखांच्या आसपास. हे सहा लाख बरे झाले नव्हते. ते घरात खोकत होते, नातवंडांना मांडीवर घेत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की क्षयाचे मृत्यू दहा वर्षांहून जास्त काळानंतर पहिल्यांदाच वाढले. लसीकरणाचं तेच. बाळांच्या गावपातळीवरच्या सत्रांत खंड पडला, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उफाळला. तुझ्या जिल्ह्यात साथीच्या काळात एखाद्या रोगाचे आकडे अचानक खाली आले तर त्या दिवशी समाधानाने घरी जाऊ नकोस. ते रुग्ण कुठे गेले, हे दुसऱ्या दिवशी सकाळी विचार.

लग्नांचं मला फार लागलं. लग्नाला पन्नास माणसं, पुढे एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास, मोडलं तर पन्नास हजार दंड. गर्दी टाळायची म्हणून हा नियम हवाच होता. पण आपल्या भागात लेकीचं लग्न म्हणजे मांडव, मानपान, पाचशे माणसांची पंगत आणि त्यासाठी सावकाराकडून काढलेलं कर्ज. ते कर्ज नियमाने एका झटक्यात वाचवलं. शाळा बंद, पोरगी दिवसभर घरात, बापाचा रोजगार गेलेला, ऊसतोडीला जायचं तर वयात आलेल्या पोरीला मागे ठेवायची चिंता, आणि आता लग्न दहा हजारांत होतंय. मग दहावीतल्या पोरीचं लग्न अंगणात उरकलं. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि ग्रामसेवक तेव्हा विलगीकरणाच्या याद्या करत होता. अंगणवाडीताई घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरत होती. ज्यांची नजर पोरींवर असायला हवी त्या सगळ्यांची नजर आपण दुसरीकडे वळवली होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली दिसतात, आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांत त्याहून खूप जास्त. हे सर्वेक्षण आपल्या राज्यात साथीच्या आधी, २०१९ मध्ये झालं. म्हणजे आग आधीच होती. वर्षभराने त्या पोरी गरोदरपणाच्या नोंदणीला आल्या. वय विचारलं की सासू आधी बोलायची, "एकोणीस." पोरगी खाली बघायची. आधार कार्ड मागितलं की माहेरी राहिलंय. हिमोग्लोबिन सात, वजन अडतीस किलो. मी वय लिहायची तेव्हा पेन थांबायचा, कारण खरं लिहिलं तर गुन्हा नोंदवावा लागतो, आणि गुन्ह्याच्या भीतीने तिला पुढच्या तपासणीला आणायचेच नाहीत. खरं वय लिहून, पोलिसांना कळवून, त्याच संध्याकाळी आशाताईसह तिच्या घरी जाऊन बसायचं, एवढीच वाट मला दिसली. सगळ्या ठिकाणी ती जमली असेल असं नाही.

आता लसीचं. हे मी सविस्तर लिहिते, कारण तुझ्यावर असाच दबाव येणार आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आपला जिल्हा लसीकरणात मागे होता. पात्र लोकांपैकी पंचावन्न टक्क्यांच्या आसपास लोकांनी पहिला डोस घेतला होता, राज्याची सरासरी चौऱ्याहत्तर, छत्तीस जिल्ह्यांत आपण सव्विसावे. तीन तारखेला पंतप्रधानांनी देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांची बैठक घेतली, त्यात आपला जिल्हा होता. नऊ तारखेला तेव्हाचे जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांचा आदेश आला की किमान एक डोस घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. वेरूळ-अजिंठा आणि बीबी का मकबऱ्याचं तिकीटही नाही. आकडा वाढला, ते नाकारत नाही. आमच्या केंद्रावर रांगा लागल्या. त्यामागचा हेतूही मला खोटा वाटत नाही. तिसरी लाट डोक्यावर होती आणि ती आलीही. पर्यटकाचं तिकीट अडवलं त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं दुखणं रेशनचं आहे.

पैठण तालुक्यातल्या एका गावात आमचं सत्र होतं. एक बाई हातात रेशनची रिकामी पिशवी घेऊन आली. साठीची, विधवा, एकटी. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, टोचू नका, मला नुसता कागद द्या." मी तिला बसवलं, लस का नको ते विचारलं. अफवा वगैरे काही नव्हतं. कापसाची वेचणी चालू होती. मजुरी किलोवर. शेजारणीला लस घेतल्यावर दोन दिवस ताप आला आणि दोन दिवसांची वेचणी गेली, ते तिने पाहिलं होतं. लस चांगली की वाईट, हा तिचा प्रश्नच नव्हता. तिला फक्त पहिल्या वेचणीच्या आठवड्यात घ्यायची नव्हती. हे कारण जिल्ह्याच्या कोणत्याही तक्त्यात बसत नव्हतं. तक्त्यात ती "नकार" होती.

तिला ती लस आम्ही दिली, पण रेशनच्या धाकाने नाही. गावातली वेचणी संपून कापूस मोजून झाला की, म्हणजे दिवेलागणीनंतर, आम्ही मारुतीच्या पारावर बसायला लागलो. कोविशील्डची एक कुपी दहा जणांची, उघडली की चार तासांत संपवायची, म्हणून दहा बाया एकदम जमतील अशी वेळ आशाताईने ठरवली. बुधवारी टोचायचं, कारण गुरुवारी त्या गावचा बाजार, त्या दिवशी तशीही वेचणी कमी. सोबत तापाच्या गोळ्या, आणि सकाळी आशाताई दारात. त्या पारावर आम्हाला कोणी नकार दिला नाही.

रेशनचा आदेश खाली उतरताना काय काय झालं तेही ऐक. दुकानदाराला पोलीस करून टाकलं. प्रमाणपत्र फोनमध्ये, आणि एका मोबाइल नंबरवर तेव्हा चारच जणांची नोंद व्हायची. पुढच्या जानेवारीत ती सहा झाली. सात जणांच्या घरात एकच फोन असेल तर उरलेल्यांची नोंद गावातल्या कोणत्यातरी पोराच्या नंबरवर. दुसऱ्या डोसचा निरोप त्या पोराच्या फोनवर, आणि पोरगा वाळूजला कामाला. डिसेंबरात शहरात लस न टोचताच प्रमाणपत्र देण्याचं प्रकरण पोलिसांत गेलं. ज्याच्याकडे पैसे होते त्याने कागद विकत घेतला, आणि तो नोंदीत लसवंत झाला. त्याला शोधायला आता कोणीच जाणार नाही. खोट्या कागदाने माझं दुहेरी नुकसान केलं. तो माणूस उघडा राहिला, आणि माझी यादी निकामी झाली.

धान्य २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्या बाईचा हक्क आहे. ते आपण देत नाही, तिचं आहे ते तिच्यापर्यंत पोहोचवतो. ते अडवणं म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याची भाकरी, ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्या पेट्रोलच्याच मापाने मोजणं. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल यांच्या खटल्यात सरकारचं लसीकरणाचं धोरण योग्य ठरवलं, पण कोणाला लस घ्यायला भाग पाडता येणार नाही असंही सांगितलं, आणि न घेतलेल्यांवर राज्यांनी घातलेली बंधनं त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणाबाहेरची ठरवली. प्रमाण हा शब्द तुझ्या फायलीत पुन्हा पुन्हा येईल. मी त्याची कसोटी साधी ठेवते. रोग आणि बंधन यांचा थेट संबंध आहे का? गर्दीच्या हॉलमध्ये जाण्याचा आहे. एकट्या बाईच्या पाच किलो तांदूळ-गव्हाचा नाही.

म्हणून धान्य, पाणी, औषध, दवाखाना आणि शाळेतलं जेवण, यांना कोणत्याही मोहिमेच्या खुंटीला बांधायचं नाही. वरून दबाव आला तर हे लेखी नोंदव. वरिष्ठांना राग येईल, पण त्यांनाही पुढे तो कागद उपयोगी पडतो.

आदेशाचा मसुदा तयार झाला की तो पोलीस अधीक्षकांना आणि वकिलांना दाखवशीलच. त्याच संध्याकाळी तीन फोन आणखी कर: एखादी आशा, एखादा रेशन दुकानदार, एखादा कोतवाल. "उद्या सकाळी हे लागू झालं तर तुमच्याकडे काय होईल?" एवढंच विचार. दुकानं सात ते अकरा उघडी ठेवली की गर्दी चारपट होते, हे एप्रिल २०२१ मध्ये गुलमंडीवरच्या कोणत्याही किराणा दुकानदाराने तुला एका वाक्यात सांगितलं असतं. जुलै २०२० मध्ये दहा ते अठरा तारखेचा बंद आधी जाहीर झाला, तेव्हाही आदल्या दिवसांत बाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. काय बंद आहे हे सांगताना काय चालू आहे हेही त्याच ठळक अक्षरांत लिही. मालगाड्या चालू आहेत, रुळांवर जाऊ नका. क्षयाची तपासणी चालू आहे, खोकला असेल तर या. बाळाचं लसीकरण दर बुधवारी चालू आहे.

प्रत्येक आदेशावर संपण्याची तारीख टाक. तारीख नसलेला आदेश कोणी मागे घेत नाही, तो विसरला जातो. आणि मागे घ्यावा लागला तर स्वतः जाऊन कारण सांग. मार्च २०२१ च्या अखेरीस जिल्ह्यात लॉकडाऊन जाहीर झाला, विरोध झाला, मग तो मागे घेतला गेला, विरोध करणाऱ्यांची मिरवणूक निघाली. आठवडाभरात राज्याचेच "ब्रेक द चेन"चे निर्बंध आले. रुग्ण वाढतच होते. या सगळ्यातून लोक शिकले ते एवढंच की ओरडलं की आदेश जातो. आधी सगळ्यांना बोलावून भांडून घेतलं असतं, व्यापारी, रिक्षावाले, मशीद-मंदिरांचे विश्वस्त, खासदार, तर निघालेला आदेश लहान झाला असता, पण टिकला असता.

एक काम रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यात कर. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा मागव आणि त्यातलं साथरोगाचं प्रकरण उघड. परराज्यातल्या मजुरांची यादी त्यात आहे का, कारखान्यांनुसार, राज्यांनुसार? गरोदर बायांसाठी नाकाबंदीतून जायचा निरोप कोणी कोणाला द्यायचा, हे लिहिलंय का? ग्रामसेवक साथीच्या कामाला गेला तर बालविवाहाचं काम कोणाकडे, हे ठरलंय का? नसेल तर लिहून घे. साथ नसतानाच हे कागद तयार होतात.

मी तुला आमच्या केंद्रावरच्या त्या दोन वर्षांच्या नोंदींची माझी वही पाठवते आहे. क्षय, बाळंतपणं, लसीकरणं, महिन्यावार. ती सरकारी नाही, माझी स्वतःची आहे. तुझ्या तालुक्याचे आकडे शेजारी ठेवून बघ आणि कुठे खड्डा दिसतो ते मला कळव. ताई म्हणत होती की तू दिवाळीला येणार आहेस. एक दिवस माझ्याकडे काढ. आशाताईंना बोलावते. त्यांना तुझ्याशी बोलायचं आहे आणि तुलाही त्यांच्याकडून बरंच ऐकायचं आहे. तब्येत सांभाळ, जेवायची वेळ चुकवू नकोस.

तुझी,
मावशी